नीटच्या निकालाआधी मोत्याची चिप

मे महिन्यात वैद्यकीय प्रवेशाची नीट होते, जूनमध्ये निकाल लागतो आणि जुलैत घरोघरी जगाचा नकाशा उघडला जातो. सरकारी जागा हुकलेली असते, खासगी महाविद्यालयाची फी झेपणारी नसते. मग जॉर्जिया, किर्गिझस्तान, पोलंड, हंगेरी अशी नावं जेवणाच्या टेबलावर फिरू लागतात. कर्ज, कागदपत्रं, व्हिसा, हिवाळ्याचे कोट या सगळ्याची यादी होते आणि ऑगस्टमध्ये कधीतरी मुलगी विचारते, "मोत्याला नेता येईल ना?"

ऑगस्टमध्ये विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी 'यंदा नाही' असंच असतं. भारतातून युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात कुत्रा किंवा मांजर न्यायचं तर कागदपत्रांना किमान चार महिने लागतात. हे चार महिने पैसे टाकून, एजंट गाठून किंवा ओळख काढून कमी होत नाहीत. म्हणून या लेखात सांगायची मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: परदेशी जायची नुसती शक्यता असेल, तरी प्राण्याची तयारी बारावीच्या वर्षातच, डिसेंबर-जानेवारीत सुरू करा. प्रवेशाचं पुढे काहीही होवो.

उदाहरणासाठी हंगेरी घेऊ. बुडापेस्टचं सेमेलवाइस विद्यापीठ, शिवाय डेब्रेत्सेन, सेगेड आणि पेच इथे इंग्रजी माध्यमातून सहा वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे आणि वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. प्राण्यांच्या प्रवेशाचे नियम युरोपीय संघात मुळात एकच असल्यामुळे पोलंड, रोमानिया, बल्गेरियाला जाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. जॉर्जिया, रशिया, किर्गिझस्तान संघाबाहेर आहेत. त्यांचे नियम त्यांच्या दूतावासाकडूनच लेखी घ्यावेत.

चार महिन्यांचा हिशेब

आपल्याकडे रेबीज अजून आहे, म्हणून भारत युरोपीय संघाच्या सवलतीच्या यादीत नाही. अशा देशातून येणाऱ्या प्राण्याला तीन पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग रक्ताची तपासणी.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि मानेजवळ कातडीखाली इंजेक्शनने घातली जाते. ती आयएसओ मानकाची, 15 अंकी असावी लागते. गोम अशी की चिप बसवण्याआधी दिलेली रेबीजची लस हिशेबात धरत नाहीत. तुमच्या कुत्र्याला दरवर्षी न चुकता लस दिली असेल, पुस्तकात सगळे स्टिकर ओळीने असतील, तरी चिप आज बसली तर लस आज किंवा आजनंतर पुन्हा द्यावी लागते. एकाच दिवशी दोन्ही केलं तर चालतं. फक्त डॉक्टरांना सांगा, आधी चिप. पिल्लू असेल तर लशीच्या दिवशी ते किमान 12 आठवड्यांचं हवं.

लशीनंतर किमान 30 दिवस थांबायचं आणि मग रक्त काढायचं. त्यातला सीरम वेगळा करून, थंड ठेवून, युरोपीय आयोगाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवला जातो. या तपासणीला आपल्याकडचे डॉक्टर 'टायटर' म्हणतात. रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं एका मिलिलिटरमागे 0.5 आंतरराष्ट्रीय एककं किंवा त्याहून जास्त असली की प्राणी पास. प्रयोगशाळा मान्यतेच्या यादीत आहे का, हे डॉक्टरांच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर आहे, स्वतः बघा. यादीबाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल कितीही सुंदर असला तरी उपयोगाचा नाही.

रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण झाल्यावरच प्रवासाचा आरोग्य दाखला देता येतो. अहवाल कधी हातात आला, याला महत्त्व नाही. रक्त कधी काढलं ते बघतात.

आता हे आपल्या कॅलेंडरवर मांडा. 2025 साली नीट 4 मे रोजी झाली आणि निकाल 14 जूनला लागला. परीक्षा झाल्यावर लगेच, समजा 10 मे रोजी, चिप आणि लस झाली, तर रक्त लवकरात लवकर 9 जूनला आणि दाखला 9 सप्टेंबरला. तोवर वर्ग सुरू झालेले किंवा होण्याच्या बेतात. निकालापर्यंत थांबून 16 जूनला सुरुवात केली, तर थेट 16 ऑक्टोबर. तेच काम बारावीच्या जानेवारीत केलं असतं, तर मे संपायच्या आत मोत्या मोकळा झाला असता.

मग मुलीचं जाणं रद्द झालं तर पैसे वाया? चिप आणि लस कधीच वाया जात नाहीत; कुत्रा हरवला तर चिपचा उपयोग पुण्यातही आहे. आणि टायटरचं म्हणाल तर युरोपच्या दृष्टीने ते एकदाच करायचं असतं. पुढचे रेबीजचे बूस्टर वेळेत, मुदत संपायच्या आत दिले जात असतील तर तोच अहवाल प्राण्याच्या आयुष्यभर चालतो. यंदा नंबर लागला नाही, पुढच्या वर्षी रिपीट करून लागला, तरी तो कागद कामाचा. मात्र बूस्टर एका दिवसाने जरी उशिरा झाला, तर साखळी तुटली असं धरतात आणि लस, 30 दिवस, रक्त, तीन महिने हे सगळं पहिल्यापासून. फोनमध्ये मुदतीच्या महिनाभर आधीचा गजर लावून ठेवा.

न्यावं का?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण नियम समजायला सोपे आहेत. निर्णय अवघड आहे.

वैद्यकीय शिक्षणाचं पहिलं वर्ष म्हणजे शरीररचना, ऊतिशास्त्र, जीवरसायन आणि न समजणारी भाषा. हंगेरीत वर्ग इंग्रजीत असले तरी रुग्ण हंगेरियनच बोलतात, म्हणून ती भाषाही शिकवतात. प्रात्यक्षिकांना हजेरी सक्तीची. सत्र संपलं की डिसेंबर-जानेवारीत आणि पुन्हा मे-जूनमध्ये कित्येक आठवडे चालणारा परीक्षांचा हंगाम असतो. बऱ्याचशा परीक्षा तोंडी, प्राध्यापकांसमोर बसून. या दिवसांत मुलं सकाळी आठला ग्रंथालयात जातात आणि रात्रीच परततात. कुत्र्याला दिवसातून तीनदा खाली न्यावं लागतं, हे तुम्हाला घरी जाणवलं नसेल. कारण सकाळी बाबा नेत होते, दुपारी आजी दार उघडत होती आणि तुम्ही फक्त संध्याकाळी बागेत खेळत होता. तिथे या तिन्ही वेळा तुमच्या.

पहिल्या सत्रात कुत्रा नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मांजराचं वेगळं. मांजर एकटं राहतं, झोपतं, खिडकीत बसतं. वाळूची पेटी साफ केली, खाणं-पाणी नीट ठेवलं की दिवसभर तुमच्यावाचून त्याचं अडत नाही. केबिनच्या वजनातही बसतं. मांजर असेल आणि घर पक्कं असेल, तर न्यायला माझी हरकत नाही.

कुत्र्यासाठी बरा मार्ग असा: टायटरचं सगळं बारावीतच उरकून घ्या, पहिलं सत्र एकट्याने काढा. शहर कळू द्या, खोली ठरू द्या, वेळापत्रक अंगवळणी पडू द्या. मग जानेवारीअखेरच्या सुटीत किंवा उन्हाळ्यात घरी या आणि परतताना त्याला सोबत न्या. यात एक अट लक्षात ठेवा. विनाव्यापारी प्रवासाच्या सवलतीत मालकाचा आणि प्राण्याचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत व्हावा लागतो. तुमचं लेखी अधिकारपत्र घेऊन भाऊ किंवा मामा त्याला आणू शकतो, पण तुमचा प्रवासही त्याच पाच दिवसांत हवा. 'तू सप्टेंबरात जा, आम्ही डिसेंबरात पाठवतो' या पाठवणीला व्यापारी वाहतुकीचे वेगळे आणि कडक नियम लागतात. बऱ्याच घरांचा बेत नेमका इथेच फसतो.

एक हिशेब मोठ्यांनीही करावा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, शिवाय तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि परतल्यावर भारतात आणखी 12 महिने. चार वर्षांचा लॅब्रेडॉर आज निघाला, तर परत येताना तो दहाचा असेल. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याला आजीजवळ, त्याच्या ओळखीच्या गल्लीत राहू देणं हे त्याला टाकणं नव्हे. मुलीला वाईट वाटेल, वाटू द्यावं. पण 'तुझ्यावाचून तो जेवत नाही' असे फोन परीक्षेच्या आदल्या रात्री करू नयेत, एवढं घरच्यांनी पाळावं.

पोपटाचा प्रश्न काही जण विचारतात. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणंच वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याच्या पासपोर्टची चौकशी न केलेली बरी.

शेवटचे दहा दिवस

निघायच्या आधीच्या दहा दिवसांत खरी धावपळ असते. युरोपीय नमुन्यातला आरोग्य दाखला सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचा लागतो. आपल्याकडे तो केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याची 'अॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस' ही यंत्रणा देते. सगळे तिला एक्यूसीएस म्हणतात. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईत. पुणे, नाशिक, कोल्हापूरकरांनी एक मुंबई फेरी धरूनच ठेवावी. दाखला मिळाल्यापासून युरोपच्या पहिल्या तपासणीपर्यंत तो दहा दिवस चालतो. म्हणजे फार आधी काढूनही उपयोग नाही, आणि शनिवार-रविवार किंवा गणपतीची सुटी मध्ये आली की पोटात गोळा येतो. ऑगस्टअखेर-सप्टेंबरचा प्रवास असेल, तर पंचांग बघून तारीख ठरवा. यात गंमत नाही.

दाखल्याच्या भाषेकडेही लक्ष द्या. तो इंग्रजीबरोबर त्या देशाच्या भाषेत लागतो, जिथे प्राणी संघात पहिलं पाऊल ठेवतो. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे बुडापेस्टला जाणार असाल, तर पहिली तपासणी जर्मनीत, म्हणून नमुना जर्मन-इंग्रजी. जर्मनीत पिटबुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर यांना आणायला बंदी आहे. अशा जातीचा किंवा त्यांच्या संकराचा कुत्रा असेल तर तो रस्ताच टाळा.

टेबलावर सगळे कागद मांडा आणि मोठ्याने वाचा. एकाने चिपचे 15 अंक वाचायचे, दुसऱ्याने लशीच्या पुस्तकातले, तिसऱ्याने टायटर अहवालातले. डॉक्टरांच्या अक्षरात 1 आणि 7 सारखेच दिसतात आणि अहवालातला एक अंक वेगळा असला की तो अहवाल दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो. शेवटच्या भेटीत डॉक्टरांना स्कॅनर फिरवायला सांगा आणि त्याच्या पडद्यावरचा क्रमांक स्वतः डोळ्यांनी बघा. चिप कधीकधी मानेवरून खांद्याकडे सरकते. कुठे 'बीप' झालं ते लक्षात ठेवलं, तर विमानतळावर अधिकाऱ्याला दाखवता येतं. कागद अपुरे निघाले तर प्राण्याला परत पाठवण्याचा किंवा तुमच्या खर्चाने विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे.

उतरल्यावर सामान घेऊन हिरव्या वाटेने बाहेर पडू नका. प्राणी सोबत आहे हे कस्टमच्या लाल वाटेवर स्वतःहून सांगायचं असतं.

विमान

तिकीट काढायच्या आधी कंपनीला फोन करा, नंतर नाही. एका विमानात किती प्राणी घ्यायचे याला मर्यादा असते आणि जागा भरली की भरली. लुफ्तान्सा आणि टर्किश एअरलाइन्स पिशवीसकट 8 किलोपर्यंतचा प्राणी केबिनमध्ये, पुढच्या सीटखाली घेतात. एमिरेट्समध्ये काही मार्गांवर केबिनमध्ये बसायचा मान ससाण्याला आहे, मांजराला नाही. 8 किलोहून जड प्राणी खालच्या कप्प्यात, क्रेटमध्ये. क्रेटमध्ये त्याला डोकं न आपटता उभं राहता आलं पाहिजे, पूर्ण वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. हा आयाटाचा नियम आहे. मोठ्या कुत्र्याचं भाडं तुमच्या स्वतःच्या तिकिटापेक्षा जास्त येऊ शकतं, हे बाबांना वेळेत सांगा.

पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना श्वासाचा त्रास होतो, म्हणून अनेक कंपन्या त्यांना खालच्या कप्प्यात घेत नाहीत. मोबाइलच्या जाहिरातीतला पग बघून आपल्याकडे घरोघरी पग आले. त्यातला वजनदार गडी 8 किलोत बसत नाही आणि खाली जाता येत नाही. त्याने घरीच राहिलेलं बरं.

झोपेचं औषध देऊ नका. उंचीवर रक्तदाब आणि श्वासावर त्याचा परिणाम होतो, आणि गुंगीतला प्राणी कंपनी नाकारू शकते. त्याऐवजी दोन महिने आधी क्रेट हॉलमध्ये आणून दार उघडं ठेवा. त्यात त्याची गोधडी टाका, जेवण आत द्या, मग दार पाच मिनिटं लावा, मग तास, मग रात्रभर. प्रवासाच्या दिवशी चार-सहा तास आधी हलकं जेवण. पाण्याची वाटी दाराला पक्की बसवून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. क्रेट लादताना पाणी सांडत नाही आणि वर गेल्यावर बर्फ हळूहळू वितळतो. आत तुमचा न धुतलेला जुना टी-शर्ट ठेवा.

तिथे गेल्यावर

बहुतेक वसतिगृहांत प्राणी चालत नाहीत. हंगेरीच्या निवास परवान्यासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो आणि आपली मुलं सोय म्हणून वसतिगृहाचं पत्र जोडतात. प्राणी नेणार असाल तर आधीपासून खासगी फ्लॅट बघावा लागेल, आणि भाडेकरारात 'प्राण्याला परवानगी' हे शब्द लेखी हवेत. घरमालकिणीने व्हिडिओ कॉलवर हसून मान हलवली, ही परवानगी नव्हे.

पहिल्या आठवड्यात स्थानिक पशुवैद्यक गाठा. तो युरोपीय संघाचा पेट पासपोर्ट काढून देऊ शकतो आणि त्यात टायटरची नोंद करून घेता येते. ही नोंद फार मोलाची: पुढे कधी प्राण्याला भारतात आणून परत न्यायचं झालं, तर युरोपात शिरताना तीन महिन्यांची वाट पाहावी लागत नाही. हंगेरीत कुत्र्याला चिप आणि दरवर्षी रेबीजची लस कायद्याने सक्तीची आहे, त्यामुळे डॉक्टरची भेट टळत नाहीच. बुडापेस्टच्या ट्राममध्ये कुत्र्याला पट्टा आणि मुसकं लागतं. मुसक्याची सवय पुण्यातच लावा.

गोचिडांना आपण ओळखतो, पण तिथल्या गोचिडांपासून होणारा बॅबेसिया वसंतात आणि शरदात कुत्र्यांना भराभर धरतो. लघवी लालसर-तपकिरी दिसली, कुत्रा सुस्तावला, तर सकाळपर्यंत थांबू नका. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. घरी आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुवा. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला दिवाळी चुकली म्हणून हायसं वाटून घेऊ नका, 31 डिसेंबरची रात्र आहे.

शवविच्छेदनाचा अॅप्रन पिशवीत बंद करून दाराबाहेरच ठेवा आणि हात धुतल्याशिवाय मांजराला जवळ घेऊ नका. फॉर्मलिन त्याच्या जिभेला आणि डोळ्यांना वाईट. सेमेलवाइसच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्याला हे सांगायची वेळ यायला नको. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना 1847 साली हात धुवायला लावणारा तोच तो माणूस.

वर्गातल्या दोघांना तरी घराची दुसरी किल्ली द्या. कॉलेजातून निघायला उशीर झाला किंवा तुम्हीच तापाने पडलात, तर कुत्र्याला खाली कोण नेणार, याचं उत्तर नाव आणि फोन नंबरसह फ्रीजवर चिकटवलेलं असावं.

परतीचे कागद

2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा तिथे वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुलं कुत्री-मांजरं कडेवर घेऊन सीमा ओलांडत होती आणि प्राण्याला टाकून यायला काहींनी साफ नकार दिला. त्या वेळी सरकारने त्यांच्या प्राण्यांसाठी नियम एकदाच शिथिल केले. ती सवलत प्रसंगापुरती होती, तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणून पासपोर्ट, लशीचं पुस्तक, टायटरचा अहवाल आणि भारतातून निघतानाचा दाखला या सगळ्याची एक प्रत स्वतःजवळ आणि एक घरी ठेवावी.

सर्वसाधारण नियम असा: सलग दोन वर्षं परदेशात राहून कायमचे परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी सामानासोबत आणता येतात. सहा वर्षांनी पदवी घेऊन येणाऱ्याला अडचण नाही. पण अभ्यासक्रम झेपला नाही म्हणून कोणी वर्षभरात परत येत असेल, तर ही सवलत मिळत नाही आणि परकीय व्यापार महासंचालनालयाच्या परवान्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. दोन्ही वेळी विमानात बसायच्या आधी एक्यूसीएसचं ना-हरकत पत्र हातात हवं. आणि प्राण्याचं येणं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद अशा ठरावीक विमानतळांवरच होऊ शकतं. पुणे किंवा नागपूरचं तिकीट स्वस्त मिळालं तरी काढू नका, मुंबईला उतरा आणि तिथून गाडी करा.